खाजगीपणाचा हक्क आणि माहितीचा अधिकार : कलम ८(१)(ञ) मधील बदल

शासनाच्या दप्तरातील माहिती नागरिकास पाहावयास मिळणे आणि नागरिकाच्या खाजगी जीवनाची माहिती परक्याच्या हाती न पडणे, हे दोन्ही हक्क लोकशाहीत सारखेच मोलाचे आहेत. परंतु शासनाचा कारभार अखेर माणसांकरवीच चालतो. त्यामुळे मागितलेल्या कागदावर कोणा ना कोणा व्यक्तीचे नाव असतेच, आणि तेथे या दोन हक्कांमध्ये संघर्ष उभा राहतो. तो कोणत्या कसोटीवर मिटवावयाचा, यासंबंधी भारतीय कायद्यात २०२३ साली मूलगामी बदल करण्यात आला व नोव्हेंबर २०२५ मध्ये तो अमलात आला. त्याचे मर्म ध्यानी येण्यासाठी दोन्ही हक्कांची वाटचाल पाहणे अवश्य आहे.

खाजगीपणाचा स्पष्ट उल्लेख राज्यघटनेत नाही. १९५४ साली एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने, झडती व जप्ती यांच्या संदर्भात, असा हक्क घटनेत गृहीत धरण्यास नकार दिला. १९६२ साली खरक सिंह प्रकरणात सहा न्यायाधीशांच्या पीठाने पोलिसांचे रात्रीचे गृहप्रवेश अवैध ठरविले. तरीही खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे बहुमताने मानले नाही. न्या. सुब्बा राव यांनी मात्र आपल्या भिन्न मतात तो व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक भाग असल्याचे प्रतिपादन केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने या हक्कास मूलभूत हक्काचे स्थान दिले. हा हक्क निरंकुश नव्हे, हेही तेथेच स्पष्ट झाले. त्यावर मर्यादा घालावयाची तर तिला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू न्याय्य हवा आणि ती त्या हेतूच्या प्रमाणात हवी.

माहितीच्या अधिकाराचा प्रवास निराळा आहे. महाराष्ट्राने २००२ साली याविषयी स्वतःचा कायदा केला होता. २००५ साली केंद्रीय अधिनियम आला व राज्याचा कायदा निरसित झाला. माहिती देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद, ही केंद्रीय अधिनियमाची भूमिका होय. नकार समर्थनीय होता हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याने जन माहिती अधिकाऱ्यावरच टाकली आहे.

अपवादांपैकी कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीसंबंधी होते. माहिती केवळ वैयक्तिक असणे नकारास पुरेसे नव्हते. तिचा कोणत्याही सार्वजनिक कार्याशी अथवा हिताशी संबंध नसावा, किंवा ती उघड केल्याने व्यक्तीच्या खाजगीपणावर अनाठायी आक्रमण व्हावे, अशी अट होती; आणि तशा स्थितीतही व्यापक सार्वजनिक हितासाठी ती देता येत असे. शिवाय, जी माहिती संसदेस वा राज्य विधिमंडळास नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीस नाकारू नये, असे परंतुक त्यास जोडलेले होते. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे कारावासाची शिक्षा झालेल्या एका आमदाराच्या वैद्यकीय कागदपत्रांचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाच्या विवेचनात हे परंतुक महत्त्वाचे ठरले होते.

न्यायालयीन निर्णयांचा कल मात्र एकसारखा राहिला नाही. २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यास दिलेल्या ज्ञापना, शिक्षेचे आदेश, मालमत्ता व आयकर विवरणपत्रे यांना वैयक्तिक माहिती मानले व व्यापक सार्वजनिक हित दाखविल्याखेरीज ती मिळणार नाही असे ठरविले. २०१९ साली, सरन्यायाधीशांचे कार्यालय माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते असा निर्णय देताना, घटनापीठाने दोन्ही हक्कांचा प्रत्येक प्रकरणी तोल साधावा, यावर भर दिला.

खाजगीपणासाठी स्वतंत्र कायदा करताना हा तोल कसा राखावा, याचा विचार आधीच झालेला होता. नियोजन आयोगाने नेमलेल्या न्या. अ. प्र. शहा यांच्या तज्ज्ञगटाने २०१२ साली, माहितीच्या अधिकाराखाली माहिती देणे हा खाजगीपणाचा भंग समजू नये, असे सुचविले. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ साली कलम ८(१)(ञ) बदलण्याची शिफारस केली. तथापि होणारी हानी सार्वजनिक हितापेक्षा अधिक असेल तेव्हाच नकार द्यावा, ही तुलना तिने कायम ठेवली.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, ज्यास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, हा मार्ग सोडला. त्याच्या कलम ४४(३) अन्वये जुने कलम आपल्या अटी व परंतुकासह गेले आणि वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती, एवढेच शब्द उरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, तेव्हा ही दुरुस्ती तत्काळ अमलात आली. याउलट, खाजगी कंपन्या व शासन यांच्याकडील आपल्या माहितीबाबत नागरिकास मिळावयाच्या बहुतेक हक्कांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. संरक्षण मागाहून आले आणि संकोच आधी आला, हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

दुरुस्तीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, खाजगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर कायद्याची त्याच्याशी सुसंगती साधणे प्राप्तच होते. तसेच सार्वजनिक हित हानीपेक्षा अधिक असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये आजही आहे. हे म्हणणे निराधार नाही, परंतु अपुरे आहे. पूर्वी सार्वजनिक कार्याशी संबंध असलेली माहिती, खाजगीपणावर अनाठायी आक्रमण होत नसल्यास, या अपवादात मुळी येतच नसे. रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तकावर अभियंत्याची सही आहे किंवा रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुरांची नावे आहेत, म्हणून नागरिकास सार्वजनिक हित वेगळे सिद्ध करावे लागत नसे. आता अशा कागदावरील व्यक्तिविषयक माहिती प्रथमदर्शनीच अपवादात जाऊ शकते, आणि ती बाहेर काढण्यासाठी हिताहिताची तुलना करावी लागते. ज्या नागरिकाने कागद पाहिलेलाच नाही, त्याने त्यातील सार्वजनिक हित दाखवावे कसे? दुसऱ्या बाजूस, नव्या अधिनियमातील दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तो माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः नसला, तरी त्याचे ओझे संस्थेच्या मनावर राहते. माहिती विनाकारण नाकारल्याबद्दल अधिकाऱ्यास होणारा दंड मात्र जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये आहे. अशा स्थितीत संशय येताच नकार देण्याकडे कार्यालयाचा कल झुकणे स्वाभाविक होय.

तरीही सर्व दारे बंद झाली असे नव्हे. अधिकाऱ्यांचे मासिक वेतन, अनुदानाचा विनियोग व लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करण्याचे कलम ४ मधील बंधन कायम आहे. कागदाचा वर्ज्य भाग वगळून उरलेला देण्याची कलम १० मधील तरतूदही शाबूत आहे. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमात ‘वैयक्तिक माहिती’ या पदाची व्याख्या नाही; म्हणून कर्तव्य बजावताना केलेली सही व खाजगी जीवनातील गोष्ट यांत भेद करण्यास न्यायालयांना वाव आहे. पुट्टस्वामी निर्णयाने मर्यादांसाठी घालून दिलेली प्रमाणबद्धतेची कसोटी माहितीच्या हक्काच्या संकोचासही लावावयाची की नाही, हा यापुढील कळीचा प्रश्न आहे. तिचे उत्तर होकारार्थी आले तर कलम ८(२) हे केवळ मुभा न राहता कर्तव्य ठरेल. नकारार्थी आले तर व्यक्तीच्या रक्षणासाठी मान्य झालेला हक्क कारभाराच्या रक्षणास उपयोगी पडेल.