बिरसी ते हैदराबाद : एका तासाचं गणित

गोंदियाजवळच्या बिरसीला विमानतळ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तो बांधला. प्रवासी विमान मात्र तिथं उतरलं थेट १३ मार्च २०२२ रोजी! इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी ती सेवा काही महिन्यांतच बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीनं हैदराबाद-गोंदिया-तिरुपती असं विमान सुरू केलं.

आता सांगा पाहू, बिरसीहून हैदराबाद किती दूर?

चला, नकाशाची वही काढा. बिरसी आहे साधारण २१.५ उत्तर अक्षांश आणि ८०.३ पूर्व रेखांशावर. हैदराबादचा विमानतळ १७.२ आणि ७८.४ वर. म्हणजे अक्षांशांत फरक ४.३ अंशांचा. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, झाले ४७७. रेखांशांत फरक १.९ अंशांचा. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे त्यांचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरच भरतो, झाले २००. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा! दोन्ही बाजूंचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे ५१७ किलोमीटर.

या मार्गावर पंख्यांचं एटीआर विमान उडालं. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे तासाभरात हैदराबाद! पण वेळापत्रक पाहिलंत तर वेळ जास्त दिसेल. असं का बरं?

कारण विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते आणि ते पुन्हा जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं सावकाश चालतं. कधी कधी उतरण्यासाठी रांगही असते.

शिवाय वारा! समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आला, तर जमिनीच्या हिशेबानं वेग उरतो ४५०. मग लागतात ६९ मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर ५६. अंतर तेच, वेळ मात्र निराळी.

ही तेरा मिनिटं म्हणजे काही गंमत नव्हे. आकाशात इंधन संपलं तर बाजूला गाडी लावून ढकलत नेता येत नाही! म्हणून वैमानिक निघण्यापूर्वीच वाऱ्याचा हिशेब करतो. ठरल्या जागी उतरता आलं नाही, तर दुसऱ्या विमानतळावर जाता यावं आणि त्यावरही थोडा वेळ घिरट्या घालता याव्यात, एवढं जादा इंधन तो सोबत घेतो. बिरसीला वैमानिक घडवणारी संस्थाही आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना विमान चालवण्याबरोबर हे गणितही शिकावंच लागतं.

तेव्हा "हे वर्गमूळ शिकून काय करायचं?" असं कुणी विचारलं, तर त्याला बिरसीची गोष्ट सांगा. आणि हो, आता बिरसी ते इंदूर तुम्ही काढा. इंदूरचा विमानतळ आहे २२.७ आणि ७५.८ वर. उत्तर ४८०-४९०च्या आसपास आलं, तर शाब्बास!