हॉप्सप्रधान अमेरिकी पेल एल

घरगुती उपयोगासाठी बिअर तयार करण्याची मुभा अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यान्वये दिली, आणि एका प्रौढ व्यक्तीच्या घरास सालिना १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, अशी करमुक्त मर्यादा मुक्रर केली. ऑरेगनमध्ये विकसित होऊन १९७२ साली प्रसृत झालेल्या ‘कॅस्केड’ या हॉप्सच्या वाणाने आपल्या पपनसासारख्या गंधाच्या बळावर अमेरिकेतील पेल एल या बिअरप्रकाराला स्वतंत्र व्यक्तित्व दिले.

या पेयाच्या कृतीचे सारे मर्म हॉप्सची फुले केव्हा घालावीत, या कालनिर्णयात आहे. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड अर्क तासभर उकळताना आरंभीच घातलेल्या फुलांतील आल्फा आम्लांचे रूपांतर होऊन कडवटपणा येतो. परंतु सुगंधाचे अधिष्ठान असलेली तेले बाष्पनशील असल्यामुळे त्या दीर्घ उकळीत उडून जातात, म्हणून सुगंधासाठी राखलेल्या फुलांपैकी काही आच बंद करतेवेळी घालतात, आणि उरलेली, यीस्टच्या योगे साधारण १८ ते २० अंश सेल्सिअसला चालणारे किण्वन ओसरू लागल्यावर, बिअरमध्ये काही दिवस भिजत ठेवतात. त्यानंतर हवेचा संपर्क कटाक्षाने टाळावा. कारण प्राणवायूमुळे हा गंध लवकर मावळतो, आणि म्हणूनच असे पेय मुरवत न ठेवता ताजेपणीच प्राशन करण्याचा दस्तूर आहे.