हातवाला, कानवाला, डोळेवाला
(लेखमाला : वर्गातलं मूल, लेखांक ७)

गेल्या आठवड्यात मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या सात बुद्धिमत्ता पाहिल्या. त्यांनी त्या १९८३ साली मांडल्या आणि निसर्गविषयक ही आठवी पुढे जोडली. तो लेख वाचून अंबडकडच्या एका गुरुजींनी विचारलं, ‘मग कोणत्या पोराची शैली कोणती, हे ओळखायचं कसं?’ प्रश्न साधा वाटतो, पण घोटाळा त्यातच आहे. बुद्धिमत्ता म्हणजे मुलाला काय जमतं ते. शैली म्हणजे कशानं शिकायला त्याला बरं वाटतं ते. या दोन गोष्टी एक नव्हेत, असं खुद्द गार्डनरच सांगत आले आहेत.

एका शाळेत मी पाहिलं, प्रश्नावली भरून घेऊन पोरांच्या खिशाला रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. कुणी डोळेवाला, कुणी कानवाला, कुणी हातवाला. चौथीतल्या एकाला धडा वाचायला सांगितला, तर तो बसल्या जागेवरून म्हणाला, “सर, मी हातवाला आहे.” वाचनातून त्याची कायमची सुटका झाली होती! २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शैलींवरचं संशोधन तपासलं. मुलाच्या शैलीनुसार शिकवलं की ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांच्या आवडीनिवडी असतातच. पण आपल्याला गोड आवडतं म्हणून कुणी रोज शिरा खात नाही.

मग करायचं काय? बदनापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतला पाचवीचा तास सांगतो. विषय अपूर्णांक. सरांनी चौघांत एक अशी मोसंबी दिली. आपल्याकडे मोसंबीला काय तोटा! पोरांनी सोललं, मोजलं, दहा फोडी निघाल्या. “एक फोड म्हणजे किती?” सगळे ओरडले, “एक दशांश!” बागवाल्याच्या घरची एक मुलगी मात्र दोन फोडी तळहातावर घेऊन बघत बसली. म्हणाली, “सर, ही जाड हाय, ही बारीक. मंग दोन्ही एक दशांश कशा?”

भाग समान हवेत, हा अपूर्णांकाचा कणा. पुस्तकात तो एका ओळीत उरकतो. इथं तो पोरीच्या हातात होता. सरांनी मोसंबी खाऊ दिली आणि कागदाच्या पट्ट्या काढल्या. पट्टीला घड्या घातल्या, संख्यारेषेवर खुणा केल्या, शेवटी प्रत्येकानं शेजाऱ्याला तोंडी समजावलं. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की सगळं सगळ्यांनी केलं. चित्रवाल्यांना पट्टी आणि बोलक्यांना बोलणं, अशी वाटणी सरांनी केली नाही.

मुलांना स्वतःचं शिकणं तपासायला लावायचं असेल, तर एक कविता घ्या. चार ओळी नुसत्या वाचायच्या, चार चालीवर म्हणायच्या, चारांचं चित्र काढायचं. तीन दिवसांनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं आणि काय उरलं ते ज्याचं त्यानं बघायचं. करताना सगळ्यात सोपं वाटलं तेच उरेल, असं नाही. पोरांना याचं मोठं नवल वाटतं. पुढच्या खेपेला गणिताच्या सूत्रांवर हाच प्रयोग करा. उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून चिठ्ठी लावायची घाई नको.

राहिली नोंदवही. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो. खरं सांगायचं तर बरेच जण उतरवतो. तयार नोंदींची पुस्तकं बाजारात मिळतात, त्यातलं ‘निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य निम्म्या वर्गाच्या नावापुढे बसतं. त्या मुलीच्या नावापुढे सरांनी लिहिलं होतं : ‘फोडी समान नाहीत हे आपणहून दाखवले. अपूर्णांक लिहिताना छेद वर लिहिते. सोमवारी पुन्हा पट्ट्या.’