प्रश्न उद्भवत नाही

डिसेंबर लागला की आमच्या चांदूर बाजारात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक संत्र्याच्या भावाची आणि दुसरी नागपूरच्या अधिवेशनाची. चहाच्या टपरीवर पुरुषमंडळी दोन्हींचा निकाल बसल्या जागी लावून मोकळी होतात. आम्ही बाया मात्र अधिवेशन म्हटलं की टीव्हीवरचा गोंधळ आठवतो आणि चॅनल बदलतो. मीही त्यातलीच. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पाचवीच्या पोरांकडून ‘विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८’ असं घोकूनही घेतलं. पण तिथं नेमकं होतं काय, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तेही माझ्या वहिनीमुळं.

वहिनी माझ्या माहेरी अंगणवाडी सेविका आहे. (गावाचं नाव आणि जिल्हाही मुद्दामच सांगत नाही, तिला अजून तिथंच नोकरी करायची आहे.) तिच्या अंगणवाडीचं छत गळायचं. एका जागी नाही, चार जागी. पावसाळ्यात लेकरं मारुतीच्या देवळात बसवायची, खिचडी घरी शिजवून न्यायची आणि वजनकाटा पोत्यात गुंडाळून ठेवायचा, असं तीन वर्षं चाललं. अर्ज केले, ठराव झाले. शेवटी त्या भागातल्या एका आमदारबाई गावात लग्नाला आल्या, तेव्हा वहिनीनं त्यांना मांडवातूनच देवळात नेलं. बाईंनी पाहिलं, सोबतच्या माणसाला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. वहिनी मला फोनवर म्हणाली, “बाई, मले वाटलं लग्नातलं बोलनं लग्नातच ऱ्हायते.”

पण राहिलं नाही. अडीच-तीन महिन्यांनी पर्यवेक्षिका धावतपळत आल्या. “कोणी टाकला व तारांकित? आजच्या आज माहिती पाहिजे!”

मैत्रिणींनो, तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी द्यावं लागतं आणि ज्यावर लगेच उपप्रश्नही विचारता येतात, तो प्रश्न. त्याची भाषा ठरलेली असते. ‘अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक गावी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आमच्या शाळेतल्या ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ची आठवण यावी असंच हे. फरक एवढाच की इथं पोरांनी विचारायचं आणि हेडमास्तरांनी उत्तर द्यायचं.

आता खरी गंमत ऐका. मंत्र्यांचं उत्तर मंत्री लिहीत नाहीत. प्रश्न मंत्रालयातून निघतो, जिल्ह्याला येतो, तिथून तालुक्याला, तालुक्यातून पर्यवेक्षिकेकडं आणि पर्यवेक्षिकेकडून थेट माझ्या वहिनीकडं! म्हणजे जिनं प्रश्न विचारायला लावला तिलाच उत्तर लिहायचं होतं. मी त्या दिवशी माहेरीच होते. स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून आम्ही दोघींनी ते लिहिलं : ‘छत चार ठिकाणी गळते. पावसाळ्यात मुलांना देवळात बसवावे लागते.’ वहिनीनं खाली सही केली, शिक्का मारला. मी तिला म्हटलंसुद्धा, “झालं तुझं काम, आता मंत्री हेच वाचून दाखवतील.”

त्या वर्षी मी हट्टानं नागपूरला गेले. आमच्या इथल्या बचत गटाच्या चौघी सोबत होत्या. पास मिळाला होता. सिव्हिल लाइन्सकडं जाताना रस्ताभर मोर्चे. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला ते अडवतात. तिथं अंगणवाडीताईंचाच मोर्चा बसलेला, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. आमच्यातली एकजण म्हणाली, “बाप्पा! बाहेरच्या एवढ्या आणि आतमंधी किती?” तिला आकडा सांगितला तर विश्वास बसेना. २०१९ च्या निवडणुकीत विधानसभेवर २४ बाया निवडून आल्या होत्या, २०२४ मध्ये २१. वर जायच्या ऐवजी खाली.

नागपूरला अधिवेशन होतं ते १९५३ च्या नागपूर करारामुळं. विदर्भ महाराष्ट्रात आला तो या अटीवर की सरकार दरवर्षी काही काळ इथं येऊन बसेल आणि निदान एक अधिवेशन इथं घेईल. करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ ला, ते मुंबईतच झालं आणि २०२२ ला पुन्हा इकडं आलं. पुष्कळजण त्याला हुरडा पार्टी म्हणून हिणवतात. मीही हिणवायची. पण मुंबईच्या गॅलरीत जाऊन बसणं माझ्यासारखीला जमलं असतं का? नागपूरला सकाळची एसटी धरून गेले आणि रात्री घरी येऊन भाकरी टाकली.

गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या हात बांधून बसलो. कामकाजाची सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासानं. छापील यादीत आमचा प्रश्न पार खाली, तिशीच्या पुढं. तासाभरात झाले किती? सहा. पहिल्याच प्रश्नावर वीस मिनिटं गेली. पण खोटं कशाला बोलू, ती वीस मिनिटं मी कान देऊन ऐकली. एक आमदार उठायचा, उपप्रश्न टाकायचा. मंत्री कागद चाळायचे, मागं बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी यायची. दुसरा उठायचा, “उत्तर चुकीचं आहे, मी स्वतः जाऊन आलोय.” अध्यक्ष म्हणायचे, पुढं चला. एका मंत्र्यांना मात्र “तीन महिन्यांत करू” असं म्हणावं लागलं. सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत विरत नाही. ते नोंदलं जातं आणि पुरं झालं की नाही हे बघायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. हे मला पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना कोणी सांगितलं नव्हतं!

आमचा प्रश्न काही पुकारला गेला नाही. न पुकारलेल्यांची उत्तरं लेखी ठेवतात. ते उत्तर वहिनीनं नंतर मला दाखवलं :

‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) किरकोळ दुरुस्तीचा प्रस्ताव प्राप्त झाला असून त्यावर कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’

वहिनीनं दोनदा वाचलं. “मी तं चार ठिकानी लिवलं होतं,” म्हणाली, “हे ‘अंशतः’ कोनं लिवलं?”

कोणी एकानं लिहिलं नसावं. एकेका पायरीवर शब्द थोडाथोडा मऊ होत गेला असावा. ‘गळते’चं ‘नादुरुस्त’ झालं असेल, ‘नादुरुस्त’चं ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक’. देवळातली लेकरं कुठल्या टेबलावर गळाली कोण जाणे. खिचडीत पाणी वाढवत गेलं की शेवटी वाढताना डाळ सापडत नाही, तसं.

याच्या अगदी उलटही मी पाहिलंय. नोकरीत असताना एका शाळेवर पंचायत राज समिती आली होती. ‘पीआरसी’ म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. ही विधानमंडळाचीच समिती. आमदारच जिल्हा परिषदेत येऊन बसतात, लेखापरीक्षणातले आक्षेप काढून अधिकाऱ्यांना जाब विचारतात आणि मग गाड्या काढून शाळा, दवाखाने, अंगणवाड्या बघत फिरतात. कुठल्या गावाला वळतील याचा नेम नसतो. आम्ही आठ दिवस आधीपासून भिंती रंगवल्या, रांगोळ्या घातल्या, रेकॉर्डला नवी कव्हरं लावली. समितीतल्या एका वयस्क आमदारांनी रेकॉर्ड उघडलंच नाही. तिसरीतल्या एका पोरीला जवळ बोलावून विचारलं, “बाळ, तुमच्या संडासात पाणी असते का?” पोरगी खरं बोलणारी. म्हणाली, “आज हाय.”

त्या दोन शब्दांनी जे काम केलं ते आमच्या चार वर्षांच्या पत्रव्यवहारानं केलं नव्हतं. महिन्याभरात टाकी बसली. अर्थात आम्हा मास्तरणींना बोलणी खावी लागली ती वेगळी.

जिल्हा परिषदा महाराष्ट्रात १९६२ पासून आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ मध्ये बायांना तिथं एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून राज्यात निम्म्या. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी सदस्य झाल्या. सुरुवातीला नवरे पाठीमागून कागद सरकवायचे. मग त्यातल्याच काहीजणी सभेत उभ्या राहून अधिकाऱ्यांना “हा पैसा कुठं गेला?” असं विचारायला लागल्या. पण २०२२ मध्ये आमच्या अमरावतीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या सदस्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सभा नाही, सदस्य नाही, मग प्रश्न तरी कोण विचारणार? खालचं दार बंद झाल्यावर वरच्या दाराशी, म्हणजे आमदारांकडं, गर्दी वाढली. गावच्या छताचा प्रश्न विधानसभेत न्यावा लागणं हे काही फार अभिमानाचं नाही, पण दुसरं दारच उघडं नव्हतं.

विदर्भाच्या अनुशेषाचंही तसंच. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये विकास मंडळं झाली. त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं यावा अशी तरतूद, म्हणजे आमच्या वाट्याला काय आलं हे विचारायला आमदारांच्या हातात कागद असायचा. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. लोक करोनाच्या भीतीनं घरात होते, कोणाचं लक्षही गेलं नाही. माझंही नाही.

वहिनीच्या अंगणवाडीचं काय झालं विचाराल, तर ‘किरकोळ दुरुस्ती’ झाली. तीन जागचं गळणं थांबलं. चौथी जागा नेमकी वजनकाट्याच्या डोक्यावर, ती अजून तशीच. लेखी उत्तरात ‘अंशतः’ होतं ना, छतही अंशतःच झालं.

मागच्या आठवड्यात वहिनी इकडं आली होती. येताना पिशवीत फोटो घेऊन आली. छताचे चार, देवळातल्या लेकरांचा जुना एक, प्रत्येकाच्या मागं तारीख. म्हणाली, “बाई, आता आपनच लिवून देऊ. आमदारबाईले काहीच काम ठेवाचं नाही.” जेवणं झाल्यावर बसलो. मी लिहिलं, ‘छत गळत आहे, हे खरे आहे काय?’ तिनं माझ्या हातातून पेन घेतला आणि ते खोडलं.

“असं इचारलं का थे पुन्हा ‘अंशतः’ म्हनते,” ती म्हणाली. “लिवा, वजनकाट्याच्या वर, उगवतीच्या कोपऱ्यात, एक जागा गळते. हे खरे आहे काय?”

मग पुढचा मुद्दा काय घालायचा, यावर आमचं रात्री अकरापर्यंत चाललं होतं.