ध्वनि-आवरण, अंकीय संश्लेषकातील
स्वर उमटल्यापासून विरेपर्यंत त्यात होणाऱ्या बदलांचा पूर्वनियोजित आराखडा. सतारीची तार छेडताच नाद एकदम उठतो व हळूहळू विरतो. बासरीचा स्वर फुंक चालू असेतो टिकतो. वाद्याची ओळख बऱ्याच अंशी अशा फरकांतून पटते. संश्लेषकात (सिंथेसायझरमध्ये) हे फरक आवरणाने घडविले जातात.

जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ मध्ये विक्रीस आणलेल्या डीएक्स-७ या संश्लेषकात जॉन चौनिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेली कंप्रता-विरूपण पद्धती वापरली होती. त्यातील सहा तरंगजनकांपैकी प्रत्येकास स्वतंत्र आवरण असून ते चार गती व चार पातळ्या यांनी ठरते. प्रत्येकीचे मूल्य ० ते ९९ असते. गतीचा अंक जितका मोठा तितका बदल जलद. पट्टी दाबताच आवरण चौथ्या पातळीवरून क्रमाने पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या पातळीस जाते, पट्टी सोडेपर्यंत तेथे थांबते आणि नंतर चौथीवर परतते. वाहक जनकाची ही चौथी पातळी शून्य नसल्यास पट्टी सोडल्यावरही आवाज चालूच राहतो.

वाहकाचे आवरण आवाजाची प्रबलता ठरविते. विरूपकाचे आवरण मात्र स्वरगुण पालटते. विरूपकाची पातळी त्वरित उतरविल्यास आरंभी धातूसारखा टणत्कार व मागाहून सौम्य नाद मिळतो. हे अंक लहानशा पडद्यावर एकेक करून भरावे लागत. तेथे आलेख दिसत नसल्याने बदलाचा आकार वादकाला कानानेच पारखावा लागे.