दोघांचा स्टोव्ह आणि जेटचे भोक

बहुइंधनी स्टोव्हचे मूळ यंत्र १८९२ मधले. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वातीविना जळणारा प्रायमस तयार केला. टाकीत पंपाने हवा भरायची, दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढते, तिथे त्याची वाफ होते आणि ती जेटच्या बारीक भोकातून सुसाटत बाहेर पडून निळी जळते. नान्सेनच्या ध्रुवीय मोहिमेत हा स्टोव्ह होता, १९५३ साली एव्हरेस्टवरही होता, आणि मराठी स्वयंपाकघरांत भरभरणारा पितळी स्टोव्हही याच घराण्यातला. पुढे १९७३ मध्ये सिएटलच्या एमएसआर कंपनीने टाकी बर्नरखालून काढून बाजूला ठेवली. इंधनाची बाटली हीच टाकी, तिच्या तोंडाशी पंप, आणि बर्नरपर्यंत एक नळी. आजचे जवळपास सगळे हलके बहुइंधनी स्टोव्ह याच मांडणीचे आहेत.

डब्यातला गॅस थंडीत का मरगळतो, हे मागच्या हप्त्यात आले. त्यावर वाचकांचा नेहमीचा प्रश्न असा की, गॅसचा बर्नर ७५ ग्रॅमच्या आत मिळत असताना ३०० ते ४०० ग्रॅमचा स्टोव्ह पाठीवर का घ्यायचा? उत्तर हिशेबात आहे. पाच हजार मीटरवर बर्फ वितळवून पाणी करायचे तर दोघांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला ८ लिटर लागते असे धरू. एक किलो बर्फाचे नुसते पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. त्या उंचीवर पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळते, तिथवर न्यायला जवळजवळ तेवढीच आणखी. निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली तरी रोज ३०० मिलिलिटरहून थोडे जास्त रॉकेल पुरते. आठ दिवसांना अडीच लिटर, म्हणजे दोन किलो. तेवढ्याच उष्णतेसाठी २३० ग्रॅम गॅसचे नऊ डबे लागतील, आणि प्रत्येक रिकाम्या डब्याचे वजन सुमारे १५० ग्रॅम. नुसता पत्राच सव्वा किलोच्या वर. रॉकेलच्या तीन बाटल्या मिळून ६०० ग्रॅम भरतात. स्टोव्ह जड असूनही एकूण ओझे सुमारे ४०० ग्रॅमने कमी होते. सह्याद्रीतल्या दोन रात्रींच्या भटकंतीत मात्र हाच हिशेब उलटतो. तिथे एक गॅसचा डबा पुरतो आणि बहुइंधनी स्टोव्ह ही निव्वळ हौस ठरते.

वजनाहून मोठा प्रश्न इंधन मिळण्याचा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि सामानातही नाही. रेल्वेने ज्वालाग्राही इंधन नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पुण्याहून निघालेल्या जोडीने इंधन मनालीत किंवा लेहमध्येच विकत घ्यायचे. परदेशी पुस्तके ज्या ‘व्हाइट गॅस’ची, म्हणजे शुद्ध केलेल्या पेट्रोलची, शिफारस करतात तो इथल्या दुकानांत सहसा नसतो. उरतात रॉकेल, पेट्रोल आणि नाइलाजाने डिझेल. पेट्रोल पटकन पेटते, पण सांडले तर तितक्याच पटकन भडकते, आणि आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे काही रबरी वायसरांना फुगवते. रॉकेल पेटायला आळशी, वासाला वाईट; तरी तंबूबाहेर वाऱ्यात हाताळायला सर्वांत बिनधोक.

आता जेट. खरेदी करताना ज्याकडे कोणी पाहत नाही असा हा भाग, आणि स्टोव्हचे सगळे नशीब त्याच्या भोकात असते. रॉकेलचे रेणू पेट्रोलच्या रेणूंपेक्षा मोठे. एकेक रेणू जळायला हवा जास्त लागते. बर्नर ओढून घेतो ती हवा मात्र मर्यादित, म्हणून वाफच कमी सोडावी लागते. प्रायमसच्या ओम्निफ्युएलसोबत गॅससाठी ०.४५, पेट्रोलसाठी ०.३७ आणि रॉकेल-डिझेलसाठी ०.२८ मिलिमीटरचा जेट येतो, तो यामुळेच. पेट्रोलच्या जेटमधून रॉकेल जाळले तर ज्योत पिवळी होते आणि पातेले काजळीने माखते. उलट केले तर ज्योत अशक्त. जेट तुंबणे हा रॉकेलचा जुना आजार आणि पिन मारणे हा त्यावरचा जुना उपाय. एमएसआरच्या अनेक स्टोव्हांत वजन लावलेली सुई जेटच्या आतच असते. स्टोव्ह हलवला की ती भोकातून वर येते आणि कचरा निघतो. हातमोजे न काढता होणारी ही साफसफाई कुठल्याही चकचकीत वैशिष्ट्याहून मोलाची आहे. रॉकेल पेटवण्यासाठी स्पिरिटची छोटी बाटली वेगळी न्यावी. बर्नर पुरता तापण्याआधी चावी उघडली की ओले रॉकेल वर येऊन हातभर जाळ होतो, हे काकडा लावून स्टोव्ह पेटवलेल्यांना सांगायला नको.

आच कमी करता येणे हा चैनीचा मुद्दा मानला जातो. मराठी जेवणात तो तसा नाही. पंपाजवळ एकच चावी असलेले स्टोव्ह पाणी झकास उकळतात, पण पिठले खाली लागते. बर्नरजवळ दुसरी चावी असलेले स्टोव्ह, म्हणजे एमएसआरचा ड्रॅगनफ्लाय आणि ओम्निफ्युएल, मंद आचेवर खिचडी शिजू देतात. ड्रॅगनफ्लायचा आवाज मात्र असा की शेजारच्या तंबूतला माणूस हमखास उठतो.

बंद तंबूत यांपैकी कोणताही स्टोव्ह पेटवू नये; जळताना निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकावर एकट्याने हिवाळा काढणारे ॲडमिरल बर्ड कार्बन मोनॉक्साइडने मरता मरता वाचले, आणि ते तंबूत नव्हे, चांगल्या झोपडीत राहत होते.

आठवडाभर बर्फात राहणाऱ्या दोघांनी दोन चाव्यांचा, हलवून साफ होणाऱ्या जेटचा स्टोव्ह घ्यावा. त्यात ड्रॅगनफ्लाय उजवा, आवाजासकट. कबूल केलेला कुकरचा विषय जेटने खाल्ला. तो पुढच्या आठवड्यात. तोवर नवा स्टोव्ह घेतलेल्यांनी तो गच्चीवर रॉकेलवर पेटवून, विझवून, जेट बदलून पाहावा.