नऊ जिंकले, दहावा नाकारला

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचे काम बेताचेच. लंबगोल चेंडू काखोटीला मारून पळत सुटायचे आणि समोरच्या धिप्पाड गड्यांनी त्या पळणाऱ्याला आडवे करायचे, असा एकंदर प्रकार. हुतुतू आणि कुस्तीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो धसमुसळाच वाटला. पण १९५१ सालच्या एका कॉलेज-संघाची हकीगत माझ्या वाचनात आली, आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी ती सांगत सुटलो आहे.

हा संघ सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा. जेझुइटांची ही संस्था लहानशी, तिजोरीत खडखडाट. संघ मात्र असा जमला होता की, बड्या विद्यापीठांनी हेवा करावा! ऑली मॅटसन चेंडू घेऊन निघाला की वाऱ्यालाही सापडत नसे. त्या हंगामात तो १,५६६ यार्ड धावला. साऱ्या देशात पहिला. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध तर प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू झेलून तो दोनदा थेट पलीकडच्या टोकाला जाऊन पोहोचला. जीनो मार्केटी महायुद्धात जर्मनांशी लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर साडेसहा फुटांहून उंच. बचावाला बर्ल टोलर. प्रशिक्षक होते जो कुहारिच. नऊ सामने झाले, नऊही जिंकले.

आता खरी गोष्ट येते. हंगाम सरला की नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना 'बाउल' सामन्यांची आमंत्रणे येतात. नुसता मान नव्हे, चांगला पैसाही मिळतो. या विद्यापीठाला तर त्यावरच फुटबॉलचा संसार सावरायचा होता. आमंत्रणाचे बोलणे निघाले, पण दक्षिणेकडच्या यजमानांची अट अशी की, मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या. कारण? दोघे कृष्णवर्णी होते, एवढेच.

मुले विशी-बाविशीची. एवढा मोठा सामना पुन्हा आयुष्यात येईलच असे नाही. आपण असतो तर निदान एक रात्र खल केला असता! या पोरांनी तेवढाही वेळ घेतला नाही. दोघांना वगळून जायचे नाही, असे त्यांनी सरळ सांगून टाकले.

त्याची किंमत पडलीच. आमंत्रण गेले, पैसा गेला, आणि त्या हंगामानंतर विद्यापीठाने खर्च झेपेना म्हणून आपला हा नामांकित संघच मोडला.

खेळाडू मात्र मागे राहिले नाहीत. मार्केटी, मॅटसन आणि सेंट क्लेअर या तिघांना पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण पीट रोझेल १९६० साली त्या व्यावसायिक लीगचा प्रमुख झाला. मॅटसनने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. वाचकांना ते ऑलिंपिक निराळ्या कारणाने आठवेल: कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणले ते तिथूनच!

टोलरचा गुडघा १९५२ मध्ये एका सामन्यात दुखावला आणि खेळ संपला. तो शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक. १९६५ साली मात्र व्यावसायिक लीगने त्याला पंच नेमले. त्या जागी बसलेला तो पहिला कृष्णवर्णी. ज्याला मैदानात येऊ नका म्हटले, त्याच्या शिटीवर आता गोरे-काळे सारेच थांबत.

२००६ साली विद्यापीठाने हयात खेळाडूंना बोलावून मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा बहुतेकांनी पंच्याहत्तरी गाठली होती.